कागदावरची ‘चांगली’ खोली : वर्गखोल्यांसाठी एका तालुका शिक्षक संघटनेने केलेल्या पाठपुराव्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

करोनाच्या काळात बंद राहिलेल्या शाळा जून २०२२ मध्ये नव्या सत्रासाठी नियमित सुरू झाल्या, तेव्हा महाराष्ट्रातील एका डोंगराळ, भरपूर पावसाच्या तालुक्यातील जिल्हा परिषद शिक्षकांना आपल्या वर्गखोल्या पूर्वीपेक्षा बिकट अवस्थेत आढळल्या. दोन वर्षे छपरांची शाकारणी झालेली नव्हती, पन्हाळी पालापाचोळ्याने तुंबल्या होत्या, आणि स्लॅबच्या खोल्यांमध्ये छताचे पोपडे बसकरपट्ट्यांवर पडू लागले होते. या तालुक्यातील प्राथमिक शिक्षक संघटनेच्या शाखेने पुढील तीन वर्षांत जे केले, त्याची ही मांडणी आहे. तालुका, संघटना, शाळा आणि व्यक्ती यांची नावे दिलेली नाहीत.

तालुक्यातील बहुतेक शाळा दोन शिक्षकांच्या, पहिली ते चौथीपर्यंतच्या. इमारती तीन पिढ्यांच्या होत्या : दगडी भिंतींच्या जुन्या कौलारू खोल्या, नंतरच्या स्लॅबच्या खोल्या, आणि सर्व शिक्षा अभियानाच्या काळात वाढवलेल्या खोल्या. सर्वांत जुनी खोली सर्वांत धोकादायक असेल असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण येथे तसे नव्हते. कौल फुटले की गळते आणि ते त्याच दिवशी कळते. स्लॅबमधील सळई गंजत असते ती मात्र खालचा थर सुटून पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

कायदा काय सांगतो, हे संघटनेतील सर्वांना माहीत होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीनुसार दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सुरक्षित पिण्याचे पाणी आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत असणे बंधनकारक आहे. हे निकष गाठण्यासाठी दिलेली तीन वर्षांची मुदत ३१ मार्च २०१३ रोजी संपली. इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरवण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे जिल्हा परिषदेवर आहे. त्यामुळे कायद्याच्या अज्ञानामुळे काही अडले होते असे म्हणता येत नाही.

संघटनेची सवय मात्र वेगळी होती. बदल्या, वरिष्ठ वेतनश्रेणी, सेवापुस्तकातील नोंदी, वैद्यकीय देयके, अशैक्षणिक कामे आणि जुनी पेन्शन हे तिचे नेहमीचे विषय. वर्गखोल्यांचा मुद्दा निवेदनात असे, पण चौदाव्या किंवा पंधराव्या क्रमांकावर. ऑगस्ट २०१७ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, तेव्हा याही शाखेने धोकादायक खोल्यांबद्दल निवेदन दिले होते. त्याची पोच फाइलीत होती. त्यापुढे काही झालेले नव्हते.

प्रश्न नेमका काय होता

पहिल्या बैठकीत प्रश्न ‘निधी मिळत नाही’ असा मांडला गेला. तो पूर्ण खरा नव्हता, आणि हे ओळखायला संघटनेला जवळजवळ एक सत्र लागले.

खोली वापरातून काढायची तर तिचे निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून ती अधिकृतपणे कमी करणे, व्हावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकाचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, बांधकाम उपविभागाची पाहणी व मूल्यांकन आणि शेवटी जिल्हा परिषदेची मंजुरी अशा वाटेने ही फाइल जाते. निर्लेखन होईपर्यंत मोडकी खोली कागदोपत्री वर्गखोलीच राहते. दोन शिक्षकांच्या शाळेत दोन खोल्या नोंदलेल्या असतील, तर नव्या खोलीची गरजच सिद्ध होत नाही. मग त्यांपैकी एका खोलीत कोणी पाऊल ठेवत नसले तरी फरक पडत नाही.

त्याहून अवघड गोष्ट यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत दडलेली होती. दरवर्षी प्रत्येक शाळा आपल्या खोल्यांची स्थिती या प्रणालीत भरते : चांगली, किरकोळ दुरुस्तीची गरज, मोठ्या दुरुस्तीची गरज. शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी ही माहिती पाहिली, तेव्हा गळणाऱ्या, पोपडे पडणाऱ्या, एवढेच नव्हे तर कुलूप लावून ठेवलेल्या अनेक खोल्या ‘चांगली’ या रकान्यात सापडल्या. मागील वर्षाची माहिती तशीच पुढे ओढली गेली होती. मुदतीचा तगादा, रेंज नसलेल्या वाड्यांवरून अर्ध्या रात्री करावे लागणारे ऑनलाइन काम, आणि खोली खराब दाखवली तर ‘मग आजवर काय केले’ असे विचारले जाईल ही भीती, ही त्यामागची कारणे होती. पण माहिती भरणारे आणि प्रमाणित करणारे मुख्याध्यापक संघटनेचेच सभासद होते. ज्या खोल्यांसाठी संघटना भांडणार होती, त्या उत्तम असल्याचे तिच्याच सभासदांनी लिहून दिले होते. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे, आणि पुढील प्रत्येक निर्णयाकडे याच नजरेतून पाहावे लागते.

विचारात घेतलेले पर्याय

पंचायत समितीसमोर धरणे धरावे, हा पहिला आणि सर्वांत ओळखीचा पर्याय होता. त्याने एक दिवस लक्ष वेधले गेले असते. पण अधिकाऱ्यांनी यू-डायसची प्रत पुढे ठेवली असती, तर संघटनेकडे उत्तर नव्हते. सामूहिक रजेचा विचार फार टिकला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात २००३ मध्ये म्हटले आहे, आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांचीही बंधने आहेत. शिवाय मुलांच्या खोलीसाठी मुलांचाच दिवस बुडवायचा, हे अनेक सभासदांना पटत नव्हते.

दुसरा पर्याय कायदेशीर होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. कुंभकोणम येथे जुलै २००४ मध्ये शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. त्यानंतरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्यामुळे हा मार्ग भक्कम होता. तरी तक्रारीलाही पुरावा लागतोच, आणि उपलब्ध अधिकृत पुरावा उलट्या बाजूचा होता.

तिसरा पर्याय लोकवर्गणीचा. काही शिक्षकांनी आपापल्या गावात वर्गणीतून रंगकाम, फरशी, पत्रे अशी कामे करून घेतली होती आणि त्यांना त्याचा योग्य अभिमान होता. त्यांचे म्हणणे असे की, मागण्या करण्यात वर्षे घालवण्यापेक्षा गावाला सोबत घ्यावे. बैठकीत यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ती या प्रकरणातील सर्वांत मोलाची चर्चा होती, असे मला वाटते. ज्या गावात बागायत आहे, मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेली मंडळी आहेत, तेथे वर्गणी जमते. धनगरवाड्यावर किंवा ठाकरवाडीत जमत नाही. वर्गणी हाच मार्ग ठरला, तर ज्या मुलांना सरकारी शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्यांचीच खोली शेवटपर्यंत गळत राहील. शिवाय छताची सुरक्षितता ही देणगीची बाब झाली की ती कोणाची जबाबदारी आहे, हा प्रश्नच पुसला जातो. संघटनेने लोकवर्गणीला विरोध केला नाही, पण छत, भिंती आणि स्वच्छतागृहे यांसाठी ती मागायची नाही, असे ठरवले.

उरला तो चौथा पर्याय : खोलीगणिक स्वतःची नोंद तयार करायची आणि तिच्या जोरावर अधिकृत माहिती दुरुस्त करून घ्यायची.

पहिला निर्णय : नोंद कोणाच्या सहीने

प्रत्येक खोलीसाठी एक पानी नमुना तयार झाला. छत, तुळया, भिंतींच्या भेगा, खिडक्या-दारे, फरशी, फळ्यावर पडणारा उजेड, वीजजोडणी चालू की बंद, खोलीत बसणारे वर्ग आणि मुलांची संख्या, असे रकाने त्यात होते. नोंदी उन्हाळ्यात घ्याव्यात, असा काही जणांचा आग्रह होता, कारण तेव्हा शिक्षकांना वेळ असतो. शाखेच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने ठामपणे सांगितले की, मे महिन्यात सुकलेली खोली कोणालाही चांगलीच दिसेल. नोंद जून-जुलैच्या पावसातच झाली पाहिजे. त्यांचे ऐकले गेले, आणि पुढे तपासणीला आलेल्या अभियंत्यांसमोर पावसातील तारीखवार छायाचित्रेच सर्वांत उपयोगी पडली.

सही केवळ शिक्षकांची असावी की शाळा व्यवस्थापन समितीचीही, यावर मतभेद होते. गावातील राजकारण शाळेत येईल, ही भीती खोटी नव्हती. पण कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिचे आहे, आणि तो आराखडाच अनुदानाचा आधार मानलेला आहे. तिला वगळून केलेली नोंद म्हणजे पुन्हा एक निवेदनच ठरले असते. शेवटी सही दोघांची ठरली. एका वाडीवरील सभेत एका आईने गुरुजींना सुनावले की, तुम्ही बदलून जाल, आमची पोरे येथेच बसणार आहेत. त्या सभेनंतर तेथील ठराव पालकांनी स्वतः लिहिला.

मधल्या काळात १४ ते २० मार्च २०२३ दरम्यान जुन्या पेन्शनसाठी राज्यव्यापी संप झाला आणि शाखेचे सभासद त्यात उतरले. मागणी न्याय्य होती, याबद्दल शाखेत दुमत नव्हते. पण परीक्षा जवळ आलेल्या असताना शाळा बंद राहिल्याने काही गावांतील पालक नाराज झाले आणि त्या गावांत समितीच्या सभा एप्रिलपर्यंत होऊ शकल्या नाहीत. पालकांच्या सहीवर उभे राहिलेले काम आणि पेन्शनचा लढा एकाच संघटनेच्या खांद्यावर होते, आणि या दोन्हींच्या तारखा एकत्र पाहण्याची तजवीज कोणीही केली नव्हती.

दुसरा निर्णय : चुकलेल्या नोंदींचे काय करायचे

नोंदी गोळा झाल्यावर अवघड क्षण आला. त्या सादर केल्या, तर यू-डायसमध्ये वेगळे लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटिसा निघतील, हे उघड होते. सभासदांचे रक्षण करणे हे संघटनेचे पहिले काम. म्हणून जेथे तफावत आहे त्या शाळा यादीतून वगळाव्यात, असा प्रस्ताव आला आणि त्याला बराच पाठिंबाही मिळाला. तो मान्य झाला असता, तर यादीत फक्त त्याच खोल्या उरल्या असत्या ज्यांची नोंद आधीच बरोबर होती. सर्वांत दुर्लक्षित शाळा बाहेर पडल्या असत्या.

शाखेने दोन बैठका यावर घालवल्या. नंतर तालुकाध्यक्ष आणि दोन मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी नोंदी पुढे ठेवल्या नाहीत. आधी एक विनंती केली. येत्या यू-डायस फेरीपूर्वी सर्व मुख्याध्यापकांना खोल्यांची माहिती प्रत्यक्ष पाहणीनुसार अद्ययावत करण्याचे परिपत्रक काढावे आणि त्यानुसार झालेल्या बदलांबद्दल खुलासा मागू नये, अशी ती होती. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी हमी द्यायला नकार दिला, पण परिपत्रक काढले. लेखी हमीशिवाय पुढे जायचे का, हा खरा धोक्याचा निर्णय होता. शाखेने सभासदांना सांगितले की, नोटीस आलीच तर उत्तर एकेकट्याने द्यायचे नाही, सर्वांचे एकच उत्तर जाईल आणि ते संघटना तयार करील. काही नोटिसा आल्या. एकत्रित खुलासा गेला. कारवाई झाली नाही. कोणत्याही मोर्चापेक्षा या एका पावलाने अधिक काम झाले, असे मला निःसंशय वाटते. सभासदांना सत्य लिहिण्याचे बळ देणे हेही त्यांचे रक्षणच आहे, आणि येथे संघटनेने ते करून दाखवले.

तिसरा निर्णय : पैसा कोठे आणि केव्हा मागायचा

पूर्वीची निवेदने बहुधा पावसाळ्यात किंवा मार्चमध्ये जात. पावसाळ्यात वर्षाचा निधी आधीच वाटला गेलेला असतो आणि मार्चमध्ये तो खर्ची टाकण्याची घाई असते. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो. त्यामुळे शाखेने यादी नोव्हेंबर २०२३ मध्ये, बांधकाम उपविभागाच्या पाहणी अहवालांसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचवली. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे शाळा अनुदान यासाठी पुरणारे नव्हतेच : ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, आणि त्यातूनच वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती.

या काळात राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे येथेही निवडून आलेले सदस्य नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासक होते. त्याचे दोन परिणाम झाले. निर्लेखनाच्या मंजुरीसाठी सर्वसाधारण सभेची वाट पाहावी लागली नाही. मात्र आपल्या गटातील शाळेसाठी शिक्षण समितीत भांडणारा सदस्यही नव्हता, आणि पाठपुराव्याचा सारा भार पालक व शिक्षक यांच्यावर पडला. शाखेने प्रत्येक केंद्रातून (जवळच्या शाळांच्या गटातून) एक पालक आणि एक शिक्षक निवडला आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे याची महिन्याला नोंद ठेवली. हे कंटाळवाणे काम होते, आणि त्यावाचून काही हलले नसते.

निष्पत्ती

पाहणीत धोकादायक ठरलेल्या खोल्यांत मुलांना बसवू नये, असा लेखी आदेश निघाला. त्यापूर्वी हा निर्णय प्रत्येक शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर घेत असे. अनेक खोल्यांचे निर्लेखन मंजूर झाले, काही शाळांना नव्या खोल्या आणि त्याहून अधिक शाळांना छतदुरुस्ती मिळाली. मात्र १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. दोन्ही वेळा आचारसंहितेमुळे निविदा थांबल्या.

त्या थांबण्याची किंमत काही शाळांतील मुलांनी मोजली. तेथे जुनी खोली पाडून झाली होती आणि नवीन खोलीचे काम सुरू झाले नव्हते. मुले पावसाळाभर मंदिराच्या सभामंडपात आणि समाजमंदिरात बसली. चारही वर्ग एका जागी, भिंतीला टेकवलेला फळा, आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी तेही नाही. अशा एका शाळेतील काही पालकांनी मुलांना खासगी शाळेत घातले. पट कमी झाला की शिक्षकाचे पद जाते, आणि पद गेले की खोलीची गरजही कागदावर कमी होते. ज्या पालकांनी सर्वांत आधी सही केली होती, त्यांच्याच गावात हे घडले, ही गोष्ट शाखेला आजही डाचते आणि डाचायलाच हवी.

वेगळे काय करता आले असते

निर्लेखन आणि नव्या खोलीची प्रशासकीय मान्यता या दोन फाइली एकत्र चालाव्यात, किंवा निदान पाडकामापूर्वी पर्यायी बैठकव्यवस्था लेखी ठरावी, असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरायला हवा होता. खोली धोकादायक असल्यास ती बंद करणे तातडीचे असते, पण पाडणे तितके तातडीचे असतेच असे नाही. कुंपण घालून, फलक लावून काही महिने थांबता येते. बंद करणे आणि पाडणे या दोन गोष्टींची मागणी एकाच वाक्यात केली गेली, आणि प्रशासनाने त्यांतील स्वस्त व सोपी गोष्ट आधी केली.

दुसरी बाब अधिक खोल आहे. नमुन्यात उजेड, वीज, दाटी, जोडवर्ग (एकाच खोलीत एकत्र बसणारे वर्ग) यांचे रकाने होते, पण मागणीपत्रात फक्त ‘धोकादायक’ खोल्या गेल्या. तातडीचा विचार करता ते समजण्यासारखे होते. तरी परिणाम असा झाला की, ज्या खोलीचे छत शाबूत आहे पण पावसाळी दिवशी मागच्या ओळीतल्या मुलाला फळा दिसत नाही, थकलेल्या बिलामुळे दिवा लागत नाही, किंवा पत्र्यावरील पावसाच्या आवाजात शिक्षकाचे शब्द ऐकू येत नाहीत, ती खोली पुन्हा ‘चांगली’ ठरली. मुलाच्या अंगावर छत पडू नये ही किमान अट आहे. त्या खोलीत शिकता यावे, ही मागणी संघटनेने पहिल्या पत्रातच त्याच वजनाने मांडायला हवी होती, कारण ती मांडू शकणारे आणि तिचा अर्थ रोज अनुभवणारे शिक्षकच आहेत.

तालुक्यातील इतर शिक्षक संघटनांना उशिरा बोलावले गेले, हीही एक उणीव. श्रेय कोणाचे, या वादात एका केंद्रातील नोंदी अर्धवट राहिल्या. आरंभीच समन्वय समिती केली असती, तर हे टळले असते. तसेच अधिकाऱ्यांबरोबरच्या सुरुवातीच्या बैठकांची इतिवृत्ते संघटनेने मागून घेतली नाहीत. अधिकाऱ्यांची बदली झाल्यावर तोंडी आश्वासने त्यांच्याबरोबर गेली. नंतर प्रत्येक बैठकीनंतर दोन दिवसांत ‘चर्चेत ठरल्याप्रमाणे’ असे पत्र पाठवण्याची पद्धत पडली आणि ती उपयोगी ठरली.

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर शाळा इमारतींच्या तपासणीची घाई सुरू झाली आणि या तालुक्यातही धोकादायक खोल्यांची माहिती तातडीने मागवली गेली. शाखेची नोंदवही तयार होती. या वेळी तिने यादीचे दोन भाग एकत्र सादर केले : पहिला सुरक्षिततेचा, दुसरा शिकण्यायोग्यतेचा, त्यात उजेड, वीज, दाटी आणि जोडवर्ग. पहिल्या भागावर पाहणीचे आदेश आठवड्याभरात निघाले. दुसऱ्या भागावर लेखी उत्तर आलेले नाही. त्यातील थकीत वीजबिलांच्या शाळांपासून सुरुवात करून कलम ३२ खाली तक्रारी दाखल करण्याचे ठराव शाळा व्यवस्थापन समित्यांमध्ये घेतले जात आहेत.